पोथी वाहून नेणाऱ्याला आशीर्वाद

जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी वोर्म्स नावाचं जुनं शहर आहे. तिथं १०३४ साली याकोब बेन दाविद आणि त्याची पत्नी राहेल यांनी दिलेल्या पैशातून एक सिनेगॉग उभं राहिलं. सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनाघर. आपल्या कोकणातले बेने इस्रायल त्याला ‘मशीद’च म्हणत आले.

वोर्म्सला प्रार्थनेइतकाच मान विद्येला होता. १०६०च्या सुमारास फ्रान्सहून एक तरुण तिथं शिकायला आला. पुढं ‘राशी’ या नावानं तो धर्मग्रंथांचा थोर भाष्यकार झाला. १०९६ साली धर्मयुद्धाला निघालेल्यांनी तिथल्या ज्यूंची कत्तल केली. तरीही ११७४-७५ मध्ये सिनेगॉग नव्यानं बांधलं गेलं. पुढंही ते पडलं, पुन्हा उभारलं गेलं.

मग १९३८चा नोव्हेंबर आला. नाझी राजवटीत देशभर सिनेगॉग जाळली गेली, त्यात हेही जळालं. १९४२ साली उरल्यासुरल्या भिंती पाडल्या. त्याच वर्षी गावात उरलेल्या ज्यूंना छळछावण्यांकडं धाडण्यात आलं.

पण एक पोथी वाचली. तिचं नाव ‘वोर्म्स माख्झोर’. सणांच्या प्रार्थनांची ही हस्तलिखित पोथी १२७२ सालची. शहराच्या दप्तरखान्याचे प्रमुख फ्रीडरिख इलर्ट यांनी ती जपली. १९५७ मध्ये ती जेरुसलेमला गेली. तिच्यात एका हिब्रू शब्दाच्या मोठ्या अक्षरांच्या पोकळीत कुणीतरी बारीक अक्षरांत एक यमकबद्ध ओळ लिहून ठेवली आहे. ही जड पोथी जो सिनेगॉगपर्यंत वाहून नेईल, त्याचं भलं होवो, असा तिचा आशय. साल ठाऊक असलेलं यिडिश भाषेतलं हे सर्वांत जुनं वाक्य. यिडिशची लिपी हिब्रू, पण बोली जर्मन कुळातली. ज्यांना ‘परके’ ठरवून हाकललं, ते सातशे वर्षांपूर्वी त्याच मातीच्या बोलीत आशीर्वाद देत होते!

१९६१ साली सिनेगॉग पुन्हा उभं राहिलं, जुने दगड शोधून, शक्य तिथं बसवून. याकोब आणि राहेल यांच्या नावांचा शिलालेख आजही तिथं आहे. २०२१ मध्ये युनेस्कोनं ही वास्तू जागतिक वारशात घेतली. वास्तू उभी राहिली तेव्हा मात्र ती भरून टाकणारा जुना समाज गावात उरला नव्हता.

दगड पुन्हा रचता येतात. पोथी उचलणारे हात तसे रचता येत नाहीत. म्हणून शेजाऱ्याला ‘परका’ म्हणणारा पहिला आवाज उठतो, तेव्हाच त्याला अडवायला हवं. आग लागल्यावर फार उशीर झालेला असतो.