चाकांवरचे घर आणि चिमुकली पावले

मुलगा अथवा मुलगी अमेरिकेत स्थायिक असावी आणि उन्हाळ्यात आईवडिलांनी दोन-तीन महिने तिकडे जाऊन राहावे, हा आता असंख्य मराठी घरांतील नित्याचा प्रसंग झाला आहे. मग ते घर पुण्याचे असो, इंदूरचे असो वा बडोद्याचे. अशा मुक्कामात शाळांना सुट्टी लागली की ‘आरव्ही’ने, म्हणजे चाकांवरच्या घराने, प्रवासास निघण्याची टूम हमखास निघते. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये ती आमच्याकडेही निघाली. मुलगी, जावई, आठ वर्षांची नात, चार वर्षांचा नातू आणि आम्ही उभयता असे सहाजण लास व्हेगासहून भाड्याचे वाहन घेऊन यूटा राज्यातील झायन राष्ट्रीय उद्यानात गेलो. तेथील एका दिवसाच्या पायी भटकंतीने आम्हाला जे शिकविले, ते अशा प्रवासाचा बेत आखणाऱ्या वाचकांच्या उपयोगी पडावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

आरव्हीचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एक मोटारीमागे जोडून ओढत नेण्याचा आणि दुसरा स्वतःचे इंजिन असलेला, ज्यास मोटरहोम म्हणतात. आमचे मोटरहोम सुमारे पंचवीस फूट लांबीचे होते. आत शेगडी, शीतकपाट, निजण्याचे ओटे, लहानसे स्नानगृह आणि शौचकूप. जमिनीखाली तीन टाक्या असतात : स्वच्छ पाण्याची, धुण्या-अंघोळीच्या सांडपाण्याची आणि शौचकूपाची. शेवटच्या दोन टाक्या ठरलेल्या जागी जाऊन आपल्याच हातांनी रिकाम्या कराव्या लागतात. हे काम जावयांनी एकट्याने अंगावर घेतले, याबद्दल त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. आत फोडणी घातली की धुराचा भोंगा ठणाणा करू लागतो, म्हणून झरोका आधी उघडावा, हे आमच्या सौभाग्यवतींचे संशोधन.

भाड्याचा हिशेब करताना केवळ दिवसाचे भाडे पाहून चालत नाही. अंतरानुसार आकारणी बहुधा वेगळी असते, अनामत रक्कम कार्डावर काही दिवस अडकून राहते आणि असे वाहन लिटरमागे जेमतेम चार किलोमीटर धावते. आणखी एक गोष्ट मुलांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. घर चाकांवर असले तरी ते धावत असताना घर नव्हे, वाहनच असते. मुलांची सुरक्षा-आसने पुढे तोंड असलेल्या आणि पट्टा असलेल्या बैठकीवरच बसवावी लागतात. आडव्या बाकावर ती चालत नाहीत. तेव्हा वाहन नोंदविताना किती जणांना निजता येते याबरोबरच किती जणांना पट्टा बांधून बसता येते, हेही विचारावे.

झायनला १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. व्हर्जिन नदीने लाल-पिवळसर वालुकाश्म चिरून येथे खोल घळ कोरली आहे आणि तिच्या भिंती दोन हजार फुटांहून अधिक उंच उभ्या आहेत. हा खडक म्हणजे डायनोसॉरच्या काळातील वाळवंटी टेकड्यांची थिजलेली वाळू असून त्याची लाली लोहाच्या गंजाची आहे. या घळीतील रस्त्यावर हंगामात खाजगी वाहने नेण्यास मनाई असते. २००० सालापासून तेथे उद्यानाची विनामूल्य शटल बस धावते. पूर्वेकडील डोंगरातून जाणारा बोगदाही १९३० सालच्या मोटारींच्या मापाचा, त्यामुळे मोठ्या वाहनांवर तेथे कडक निर्बंध आहेत. थोडक्यात, ज्या घरासाठी एवढा खर्च केला ते पायवाटेच्या तोंडापर्यंत नेता येत नाही. सकाळी निघताना जे पाठीवर घ्याल तेवढेच तुमचे. हे आम्हाला ठाऊक होते. त्याचा अर्थ मात्र त्या दिवशी दुपारी कळला.

मुक्काम वॉचमन या तळावर होता. शटलचा पहिला थांबा येथून पायी जाण्याच्या अंतरावर आहे आणि काही जागांवर वीजजोडणी मिळते. जनित्र चालविण्यास येथे बंदी असल्याने वीज असलेली जागा मिळणे म्हणजे भर दुपारी वातानुकूलन चालू ठेवता येणे, आणि लहान मुले बरोबर असताना ही चैन नव्हे. या जागा सहा महिने आधी आरक्षणास खुल्या होतात व लगेच संपतात. प्रवेशशुल्काचीही आधीच चौकशी करावी, कारण अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या पाहुण्यांसाठी झायनसह काही प्रमुख उद्यानांत २०२६ पासून जादा शुल्क लागू झाले आहे.

पहाटे उठून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा आणि माणशी दोन बाटल्या पाणी घेऊन आम्ही सकाळच्या पहिल्या गाड्यांपैकी एक गाठली. बसमध्ये पाण्याखेरीज काही खाता येत नाही, म्हणून मुलांची न्याहारी आधीच उरकली होती. शेवटच्या थांब्यावर, टेंपल ऑफ सिनावावा येथे, ‘रिव्हरसाइड वॉक’ ही वाट सुरू होते. जाऊन-येऊन सुमारे साडेतीन किलोमीटर, फरसबंद आणि जवळजवळ सपाट. उद्यानाच्या माहितीपत्रकात तिला दीड तास लागेल असे म्हटले आहे. आम्हाला तीन लागले आणि ते तीनही तास सार्थकी लागले. उंच भिंतींमुळे सूर्य घळीच्या तळाशी उशिरा पोहोचतो, त्यामुळे वाटभर सावली होती. वरच्या सच्छिद्र वालुकाश्मात मुरलेले पाणी खालच्या, पाणी न जिरणाऱ्या थरावर आले की आडवे वळते आणि कड्याच्या भिंतीतून पाझरते. त्या ओलीवर नेचे व शेवाळ यांच्या झुलत्या बागा तयार होतात. टाचणीच्या डोक्याएवढी एक गोगलगाय या ओलसर भिंतींवर राहते. ती जगात इतरत्र कोठेही आढळत नाही. मुलीने एवढे सांगताच दोन्ही नातवंडे भिंतीला नाक लावून उभी राहिली. गोगलगाय दिसली की नाही यावर त्यांचे अद्याप एकमत नाही.

वाट जेथे संपते तेथून नदीच्या पात्रातूनच पुढे चालत जाणारी ‘नॅरोज’ ही प्रसिद्ध घळ सुरू होते. नातवाला पाण्यात खेळायचे होते, पण आम्ही आवरले. २०२० मध्ये या नदीत विषारी सायनोबॅक्टेरिया आढळल्यापासून पाणी नाकातोंडात जाऊ देऊ नये अशी सूचना आहे आणि चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ‘जाऊ देऊ नये’ याचा अर्थ ‘खेळू देऊ नये’ असाच घ्यावा लागतो. दुसरे भय पुराचे. उघड्या खडकात पाणी जिरत नाही, त्यामुळे दूर वर कोठेतरी पडलेला पाऊस अरुंद घळीत एकाएकी लोंढा होऊन येतो. सप्टेंबर २०१५ मध्ये याच उद्यानातील एका अरुंद घळीत अशा पुराने सात जणांचे प्राण घेतले. म्हणून सकाळी माहितीकेंद्रात त्या दिवसाचा पुराचा अंदाज वाचल्याविना घळीकडे जाऊ नये.

चूक झाली ती परतीच्या वाटेवर. सकाळ उत्तम गेली होती, मुले हसतखेळत होती. बस झायन लॉजच्या थांब्यावर आली तेव्हा अकरा वाजत आले होते. येथून ‘एमराल्ड पूल्स’पैकी खालचे तळे जाऊन-येऊन अवघे दोन किलोमीटर. ‘आलोच आहोत तर’ हे तीन शब्द बोलणारा मीच. ही वाट पश्चिमेच्या कड्यालगत असल्याने उशिराच्या सकाळी तिच्यावर थेट ऊन असते, हे नकाशा नीट पाहिला असता तर सहज कळले असते. बाटल्या अर्ध्याहून अधिक रिकाम्या झाल्या होत्या. थांब्यावर पाण्याचा नळ होता, तरी त्या भरून घेण्याचे कोणाच्या मनात आले नाही.

पूल ओलांडून काही अंतर गेलो. नात पुढे धावत होती. नातू माझे बोट धरून चालत होता आणि बराच वेळ काही बोलला नव्हता. सकाळपासून दर दहा पावलांना प्रश्न विचारणारे मूल गप्प झाले, याचे मला कौतुकच वाटत होते. मुलीने मागे वळून पाहिले आणि तिचा चेहरा बदलला. नातवाचे गाल लालबुंद झाले होते, डोळे जड दिसत होते आणि ‘पाणी हवे का?’ या प्रश्नावर त्याने नुसतीच मान हलविली. तिने क्षणभरही चर्चा केली नाही. कड्याच्या सावलीचा एक तुकडा गाठून त्याला बसविले, टोपी काढली, उरलेल्या पाण्याने रुमाल भिजवून मानेवर व काखेत ठेवला आणि घोटघोट पाणी पाजले. जावयांनी त्याला खांद्यावर घेतले व आम्ही परत फिरलो. तळे समोरच्या वळणापलीकडे आहे, असे वरून येणारे लोक सांगत होते. नात रडू लागली. तिला समजाविण्याचे काम मी पत्करले, कारण अपराध माझा होता.

लहान मुलांचे शरीर वजनाच्या मानाने अधिक पृष्ठभागाचे असल्याने भोवतालची उष्णता ते लवकर शोषते आणि तहान लागली हे त्यांना खेळाच्या नादात कळत नाही, कळले तरी नीट सांगता येत नाही. कोरड्या हवेत घाम तत्काळ वाळतो, म्हणून अंग भिजलेले दिसत नाही आणि मोठी माणसे फसतात. मूल चिडचिडे होणे, डोके दुखणे, मळमळणे ही लक्षणे बहुतेकांना ठाऊक असतात. अवचित आलेली शांतता मात्र आपण गुण समजतो. मूल गोंधळल्यासारखे करू लागले, उलट्या थांबेनात वा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजून विनाविलंब ९११ या क्रमांकावर मदत मागावी. घळीत भ्रमणध्वनीचा संपर्क मिळेलच असे नाही, तेव्हा लॉज किंवा शटलचा चालक हाच जवळचा आधार.

सुदैवाने आमच्यावर तशी वेळ आली नाही. बसच्या थांब्यापर्यंत येता येता नातू बोलू लागला होता. मोटरहोममध्ये पोहोचल्यावर पडदे ओढले, वातानुकूलन लावले, मीठ-साखर घातलेले लिंबूपाणी त्याने दोन पेले प्याले आणि पाच वाजेपर्यंत तो झोपला. बाहेरचा पारा अडतीस अंशांवर होता. त्याच्या उशाशी बसून मुलगी दर थोड्या वेळाने कपाळाला हात लावून पाहत होती. एवढे मोठे वाहन भाड्याने घेण्याबद्दल मी आधी नाक मुरडले होते. त्या दुपारी ते तळावर, दहा मिनिटांच्या अंतरावर, उभे होते याबद्दल एक शब्दही बोललो नाही.

संध्याकाळी पुढचा बेत नव्याने आखला. एका दिवशी एकच वाट, तीही उन्हाआधी. पाणी निम्मे संपले की जेथे असू तेथून मागे, आणि परत फिरा असे म्हणण्याचा अधिकार सहांपैकी कोणालाही. त्यावर वाद नाही. हा शेवटचा नियम नातीने सुचविला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा लॉजच्या थांब्यावर उतरलो. या खेपेस बाटल्या काठोकाठ भरल्या होत्या आणि कड्यावर ऊन यायचे होते. खालच्या तळ्याशी भिंतीवरून पाण्याची बारीक धार ठिबकत होती. नातवाने तिच्याखाली हात धरला आणि हे पाणी कोठून येते, हा प्रश्न सलग सात वेळा विचारला. नऊ वाजता आम्ही तळावर परतलो. माहितीकेंद्रात नातीने ‘ज्युनियर रेंजर’ची पुस्तिका भरून दाखविली आणि उजवा हात वर करून शपथ घेतली, तेव्हा तिला बिल्ला मिळाला. तोवर जावयांनी टाक्या रिकाम्या करून पाणी भरले होते. गाडी स्प्रिंगडेल गावाबाहेर पडण्यापूर्वीच नातू पट्ट्यात मान टाकून झोपला होता, आणि या खेपेस त्याची शांतता पाहूनही मी दोनदा मागे वळून त्याच्या गालांचा रंग तपासला.