हवापालटाने क्षय बरा होतो का?

उन्हाळ्यात मलकापूरहून बुलढाण्याकडे येताना राजूर घाट संपत आला की खिडकीतून येणारी हवा बदलते. मलकापूर समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरच्या आसपास, बुलढाणा साडेसहाशे. दर हजार मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. त्या हिशेबाने घाटावर दोन-अडीच अंशांचा दिलासा मिळतो. पैनगंगेकाठचं देऊळघाट याच पठारावर आहे. त्यामुळे घाटाखालच्या पाहुण्याला ‘चार दिवस इकडे राहा, हवापालट होईल’ असं आपण सहज म्हणतो. आजारातून उठलेल्याला त्याने बरं वाटतंही.

अडचण होते ती महिनाभर खोकणाऱ्या, वजन उतरलेल्या माणसालाही हाच सल्ला मिळतो तेव्हा. कधी कधी तर सुरू असलेल्या गोळ्या घरीच ठेवून तो हवा पालटायला निघतो. या समजुतीचा इतिहास मोठा आहे आणि तो क्षयरोगाशीच जोडलेला आहे.

सुरुवात इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावर होते. डॉ. रिचर्ड रसेल यांनी १७५० मध्ये ग्रंथींच्या रोगांवर समुद्राच्या पाण्याचा इलाज सांगणारं पुस्तक लॅटिनमध्ये लिहिलं. या रोगांत मानेच्या गाठींचा, आपल्याकडच्या गंडमाळेचा, मोठा वाटा होता आणि या गाठी पुष्कळदा क्षयाच्याच असतात, हे आज आपल्याला ठाऊक आहे. रसेल रुग्णांना समुद्रात डुंबायला लावत, शिवाय ते खारं पाणी प्यायलाही देत! त्यांच्या मागोमाग श्रीमंत मंडळी ब्रायटनला लोटली. मासेमारीवर जगणाऱ्या त्या गावात पुढे राजपुत्राने महाल बांधला, आणि मूळच्या पाटण्याच्या दीन महंमद यांनी चंपीचं स्नानगृह थाटलं. ‘शाम्पू’ हा शब्द आला तो याच चंपीवरून. मार्गेट या दुसऱ्या किनारी गावात १७९१ मध्ये गरीब रुग्णांसाठी समुद्रस्नानाचं रुग्णालय स्थापन झालं. सहलीची गावं म्हणून आज माहीत असलेली ही ठिकाणं औषधाच्या नावाखाली वाढली. रुग्णाबरोबर घरची माणसं आली, त्यांच्यासाठी खाणावळी आणि करमणूक आली, आणि हळूहळू आजारी नसलेलेच जास्त येऊ लागले.

हिंदुस्थानात इंग्रजांनी हीच कल्पना डोंगरावर नेली. १८२८ च्या सुमारास गव्हर्नर माल्कम यांनी महाबळेश्वर वसवायला घेतलं. पण तिथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे पावसाळ्यात राहायची सोय नाही. तिथून वीस किलोमीटरही लांब नसलेल्या पाचगणीत मात्र पाऊस जवळपास एक तृतीयांशावर येतो. ढग आधीच महाबळेश्वरच्या माथ्यावर रिते झालेले असतात. बारमाही राहता येईल अशी ही जागा जॉन चेसन या इंग्रजाने १८६० च्या सुमारास हेरली आणि तिथे सिल्व्हर ओकसारखी विलायती झाडं लावली. मग शाळा आल्या. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बोमनजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी ‘बेल एअर’ हे आरोग्यधाम काढलं. ‘चांगली हवा’ या अर्थाचं ते नाव म्हणजे त्या काळच्या वैद्यकाची सगळी आशाच म्हणायची. मे १९४४ मध्ये आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर मलेरियाने खंगलेले गांधीजी आधी जुहूच्या किनाऱ्यावर आणि नंतर पाचगणीला राहिले. समुद्र आणि डोंगर, दोन्ही हवापालट त्यांनी एकाच वर्षात केले.

त्या डॉक्टरांना हसण्यात अर्थ नाही. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्येच दाखवला होता, पण तो मारणारं स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं. मधल्या साठ वर्षांत विश्रांती, सकस अन्न आणि मोकळी हवा यापलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं.

हवेचा खरा निकाल लागला मद्रासमध्ये. १९५६ मध्ये तिथे क्षयरोग औषधोपचार केंद्र सुरू झालं. आजची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था ती हीच. तिथे १९३ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला आरोग्यधामात ठेवलं, दुसऱ्याला घरीच. औषधं दोघांना सारखी, वर्षभर. घरचे रुग्ण दाटीच्या वस्तीत राहत होते आणि त्यांचं खाणंही निकृष्ट होतं. तरी वर्षाअखेर दोन्ही गटांतले बहुतेक रुग्ण बरे झाले आणि फरक किरकोळ निघाला. घरच्या माणसांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. हे निष्कर्ष १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगभरातल्या आरोग्यधामांचा आधारच गेला. माझ्या मते भारतातल्या वैद्यकीय संशोधनाने जगाला दिलेल्या सर्वांत मोठ्या देणग्यांपैकी ही एक आहे, आणि शाळेच्या पुस्तकात ती असायला हवी.

मग हवेचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण तो रुग्णापेक्षा शेजारच्यांना. क्षयाचे जंतू खोकल्याच्या सूक्ष्म तुषारांबरोबर बंद खोलीत तासन् तास तरंगत राहतात. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवल्या की ते विरळ होतात आणि उन्हात मरतात. त्यासाठी पाचगणी लागत नाही. आरोग्यधामातल्या दूध-अंड्यांनाही अर्थ होता. झारखंडमध्ये रुग्णांच्या कुटुंबीयांना शिधा दिल्यावर त्यांच्यातलं क्षयाचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. सरकारच्या निक्षय पोषण योजनेत रुग्णाला उपचाराच्या काळात महिना १,००० रुपये मिळतात, ते यासाठीच.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर बेडक्याची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी केंद्रात मोफत होते. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिल्या दीड-दोन महिन्यांतच ताप उतरतो, भूक लागते, आणि नेमका तेव्हाच गोळ्या सोडण्याचा मोह होतो. मध्येच सोडलेल्या औषधांमुळे उरलेले जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात, आणि मग उपचार लांबतो, अवघड होतो. रुग्णाला घाटावर लेकीकडे किंवा बहिणीकडे राहायला जायचं असेल तर खुशाल जावं. फक्त निघण्याआधी आपल्या आरोग्य केंद्रात सांगून नोंद नव्या गावच्या केंद्राकडे वर्ग करून घ्यावी आणि तिथल्या गोळ्या हाती पडेपर्यंत पुरतील इतक्या सोबत मागून घ्याव्यात.