बारावी वाया जात नाही

“सर, पोरगं बारावी सायन्स पास झालं, पण सीईटीत मार्क पडले नाहीत. दोन वर्षं पाण्यात गेली म्हणायची!” तिसगावच्या बाजारात एका शेतकरी गृहस्थांनी मला हे ऐकवले. पाथर्डी तालुक्यातल्या पुष्कळ घरांत हाच घोर आहे. तेव्हा हा हिशेब आज नीट मांडून पाहू.

नांगरलेले रान कोणी पुन्हा नांगरीत नाही. थेट पेरणीला लागतो. शिक्षणातही तसेच असावे. अमेरिकेत काही विद्यार्थी शाळेतच कॉलेजच्या पातळीचा विषय शिकतात आणि त्याची परीक्षा देतात. तिला १ ते ५ असे गुण असतात. ३ किंवा त्याहून अधिक मिळाले, तर अनेक महाविद्यालये तो विषय ‘झाला’ असे धरतात. काही ठिकाणी मात्र ४ किंवा ५ लागतात.

आपल्याकडे बारावीच्या गुणांवर बी.ए., बी.एस्सी.चे पहिले वर्ष माफ होत नाही. पण तंत्रशिक्षणात अशी एक वाट आहे. दहावीनंतरची अभियांत्रिकी पदविका तीन वर्षांची असते. बारावी विज्ञान झालेल्याला तिच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. दोन वर्षांचा आयटीआय केलेल्यालाही ही वाट खुली आहे. पुढे पदविकाधारकाला पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येते, आणि त्यासाठी सीईटी द्यावी लागत नाही.

आता बोटांवर मोजा. दहावीनंतर पदविका ३ वर्षे आणि पुढे पदवी ३ वर्षे, एकूण ६. बारावी करून सरळ पदवीला गेले तरी २ आणि ४, म्हणजे ६च. बारावीनंतर पदविका आणि मग पदवी म्हटले, तर २, २ आणि ३ मिळून ७ वर्षे. म्हणजे त्या गृहस्थांच्या मुलाचे फार तर एकच वर्ष मागे पडते, दोन नव्हे. शिवाय पदविका हाती आली की मध्येच नोकरीही धरता येते.

मात्र वर्ष माफ झाले, तरी त्या वर्षातला अभ्यास माफ होत नाही. बारावीच्या मुलाने यंत्राचे आरेखन आणि कार्यशाळेतले काम केलेले नसते. ते त्याने सुट्टीतच शिकून घ्यावे. उलट, पदविकेहून पदवीला जाणाऱ्याला गणित जड जाते. शिक्षकबंधूंनी ही उणीव आधीच सांगून ठेवली, तर मूल गांगरणार नाही.

आणखी एक गोष्ट. २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांक पेढीचे नियम केले. पदवीचे शिक्षण मध्येच सुटले, तरी मिळवलेले श्रेयांक तिथे सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत जमा राहतात. लग्न, दुष्काळ किंवा घरातले आजारपण यांमुळे कॉलेज सुटलेल्या मुलामुलींनी हे ध्यानात ठेवावे.

विषयांच्या अटी आणि तारखा मात्र ऐकीव माहितीवर ठरवू नयेत. त्या त्या वर्षीची शासकीय माहितीपुस्तिका पाहावी, किंवा जवळच्या तंत्रनिकेतनात जाऊन विचारावे. एसटीच्या एका फेरीचा खर्च होईल, पण मुलाचे वर्ष वाचेल.