दहावीनंतर मागच्या दाराने इंजिनिअरिंग

आजचा भाग चंद्रपूर-गडचिरोलीच्या दहावीवाल्यांसाठी. आणि त्यांच्या दादा-ताईंसाठीही, कारण फॉर्म शेवटी तेच भरतात.

अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज नावाचा प्रकार असतो. घराजवळ, कमी फीत दोन वर्षं शिकायचं, मग तिथले क्रेडिट घेऊन मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं. ऐकायला भारी वाटतं ना? आपल्याकडेही असा रस्ता आहे, फक्त त्याचा कुणी गाजावाजा करत नाही.

दहावीच्या मार्कांवर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा मिळतो, सीईटी लागत नाही. सरकारी पॉलिटेक्निक गडचिरोलीत आहे, ब्रह्मपुरीत आहे. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, इथेही सीईटी नाही. खुल्या गटाला किमान ४५ टक्के, राखीव गटाला ४०. चंद्रपूरचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज तर १९९६ पासून आहे.

आता हिशेब करा. अकरावी-बारावी दोन वर्षं, इंजिनिअरिंग चार, एकूण सहा. डिप्लोमा तीन, वरची तीन, तेही सहाच. मग फरक कुठे? घरी पैशांची अडचण आली आणि मध्येच थांबावं लागलं, तर बारावीवाल्याच्या हातात फक्त बारावी. डिप्लोमावाला मात्र ज्युनिअर इंजिनिअरच्या भरतीचा फॉर्म भरू शकतो. सिरोंचाहून गडचिरोली सुमारे दोनशे किलोमीटर. तिथून पोरगं शिकायला पाठवणाऱ्या घरासाठी हा फरक लहान नाही.

आयटीआयवाल्यांनो, तुम्हीही यात आहात. दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड झाला की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला बसता येतं. पूर्ण रस्त्याला एक वर्ष जास्त लागतं, पण हातात काम आलेलं असतं. माझ्या मते हे वर्ष वाया जात नाही.

गोड गोडच सांगत नाही. थेट दुसऱ्या वर्षाला गेलं की गणित अंगावर येतं. बारावीवाल्यांनी पहिल्या वर्षात केलेलं कॅल्क्युलस तुम्हाला येतंच असं धरून मास्तर पुढे जातात. डिप्लोमाच्या शेवटच्या सुट्टीत ते उरकून घ्या, यूट्यूबवर भरपूर आहे.

आणि कागद! राखीव जागेवर डिग्रीला जायचं तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि ते आठवड्याभरात हातात पडत नाही. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातच अर्ज टाका. निकाल लागल्यावर धावपळ केली तर मार्क असूनही जागा हुकते.