'शाळा'चे बारा तुकडे

फळ्यावर 'शाळा' लिहून आपण अक्षरे मोजायला सांगितली, तर मुले दोन म्हणतील. युनिकोडच्या हिशेबी ती चार चिन्हे: श, काना, ळ, काना. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे झाले १२! इंग्रजी 'स्कूल'ला ६ पुरतात.

२०१९ च्या जीपीटी-२ सारखी भाषा-मॉडेले २५६ बाइटांपासून सुरुवात करतात आणि शिकवलेल्या मजकुरात वारंवार शेजारी येणाऱ्या जोड्या सांधत जातात. इंग्रजी मजकूर भरपूर, म्हणून 'स्कूल' अख्खा एक तुकडा बनतो. मराठी मजकूर चिमूटभर असला, तर एकट्या 'ळ'चेसुद्धा तुकडे उरतात. जिथे तुकडे मोजून पैसे घेतात, तिथे आपले वाक्य विनाकारण महागते. जोड्या ठरवताना मराठी पुरेशी घेतली, तर 'शाळा'ही एका तुकड्यात मावते.