पन्नाशीनंतरची चाल, लेखांक ६ : पाचच्या आकड्यावर अडकलेला पट्टा

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की लखनौच्या सकाळी धुक्यात बुडतात. गोमतीनगरचं जनेश्वर मिश्र पार्क ३७६ एकरांचं, एरवी चालायला एवढी ऐसपैस जागा शहरात दुसरी नाही. पण या दिवसांत तिथे समोरून येणारा माणूस अगदी जवळ आल्याशिवाय दिसत नाही. धुक्यात धूर मिसळलेला असतो, आणि दम्याच्या किंवा हृदयाच्या रुग्णांना डॉक्टर सूर्य वर येईपर्यंत घराबाहेर पडू देत नाहीत. मे-जूनमध्ये उलटी तऱ्हा. सकाळी सातलाच ऊन चटके देतं आणि दुपारी लू वाहते. म्हणजे वर्षातले चार-पाच महिने इथल्या चालणाऱ्या माणसाला ट्रेडमिलशिवाय गत्यंतर नसतं. विराम खंडापासून विभूती खंडापर्यंत सोसायट्यांच्या तळघरांत, बाजारपेठांच्या वरच्या मजल्यांवर हे पट्टे सकाळी साडेपाचपासून घरघरत असतात.

त्यावर चालणाऱ्या पन्नाशी-साठीतल्या माणसांची एक तक्रार मी सतत ऐकते. रोज चालतो, नेमाने चालतो, पण वेग ताशी पाच किलोमीटरच्या पुढे सरकत नाही. सहावर नेला की धाप लागते, नडग्या दुखतात, भीती वाटते. मग माणूस म्हणतो, आता वय झालं.

वयाचा वाटा आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर बैठ्या माणसात दर दशकाला साधारण १० टक्क्यांनी उतरते. पण पाचच्या आकड्यावर अडकलेल्या बहुतेकांना वयाने अडवलेलं नसतं. एकाच वेगाने, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षं तीच चाळीस मिनिटं चालत राहिल्याने ते तिथे थांबलेले असतात. शरीराला जेवढं मागावं तेवढंच ते देतं, आणि आपण त्याच्याकडे पाचच मागितलेले असतात.

आमच्या सोसायटीच्या जिममध्ये एक काकू येतात. मूळच्या नागपूरच्या, नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आल्या त्या इथल्याच झाल्या. पट्ट्यावर आकडा ५.५, दोन्ही हात पुढच्या दांडीवर घट्ट, मान खाली, नजर लाल आकड्यांवर. ट्रेनर मुलगा येता-जाता सांगायचा, ‘आंटीजी, हाथ छोड़िए.’ त्या सोडायच्या आणि लगेच पुन्हा धरायच्या, कारण हात सोडले की पट्टा पायांखालून निसटतोय असं वाटायचं. त्यांच्या पावलांचा आवाज नीट ऐकला तर सगळं कळत होतं. ‘थप्प, थप्प’ असा सपाट आवाज, पूर्ण तळवा एकदम आपटल्यासारखा. पाऊल शरीराच्या बरंच पुढे पडत होतं आणि मागे जायच्या आतच उचललं जात होतं.

मी म्हटलं, ‘काकू, आकडा चारवर आणा, पण हात सोडून चाला.’

‘अगं, चार म्हणजे फारच हळू. मी साडेपाचने चालते.’

‘दांडी धरून चालता. हात सोडलेत की खरा वेग कळेल.’

हे त्यांना लागलं असावं, पण त्यांनी केलं. दांडी धरल्यावर शरीराचा काही भार हातांवर जातो, पट्टा पायांना आपोआप मागे ओढतो आणि हृदयाला होणारे श्रम आकड्यावरून वाटतात त्याहून कमी असतात. म्हणजे साडेपाच हा यंत्राचा वेग होता. काकू चारवर हात मोकळे सोडून चालू लागल्या, नजर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर. काही दिवसांत आवाज बदलला : आधी टाच, मग चवडा. होळीच्या सुमाराला त्या हात न लावता साडेपाचावर परतल्या होत्या. हा साडेपाच त्यांचा स्वतःचा होता.

चालण्याचा वेग म्हणजे पावलाची लांबी गुणिले मिनिटाला पडणारी पावलं. ताशी ५ किलोमीटर म्हणजे मिनिटाला सुमारे ८३ मीटर. मिनिटाला ११० पावलं पडत असतील तर प्रत्येक पाऊल पाऊण मीटरचं झालं. ताशी ६ साठी मिनिटाला १२० पावलं टाकली तरी पाऊल ८३ सेंटिमीटरचं व्हावं लागतं. वयानुसार आखडते ती मुख्यतः ही लांबी; पावलांची संख्या फारशी घटत नाही. पट्ट्यावर तर पाऊल आणखी आखूड पडतं, कारण समोर दांडी आणि आकड्यांची पाटी असते आणि माणूस नकळत तिला चिकटून चालतो.

लांबी वाढवायची म्हणून पाय पुढे फेकणं ही सर्रास होणारी चूक. पुढे फेकलेली टाच ब्रेक लावते आणि दणका थेट गुडघ्यात जातो. खरी लांबी मागच्या पायात असते. मागचा पाय जमीन सोडताना घोटा सरळ होतो, पोटरी आवळते आणि चवडा शरीराला पुढे लोटतो. तरुण आणि वयस्क माणसं एकाच वेगाने चालताना डेव्हिटा आणि हॉर्टोबाजी या संशोधकांनी त्यांच्या सांध्यांवरचं काम मोजलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं की वयस्कांच्या घोट्याचं काम कमी झालेलं असतं आणि त्याची भरपाई कंबरेजवळचे स्नायू करतात. पोटरी संपावर गेली की कंबर ओव्हरटाइम करते. म्हणून चालून आल्यावर ज्यांची कंबर आणि मांड्यांचा वरचा भाग दुखतो पण पोटऱ्या ताज्या असतात, त्यांनी आधी पोटऱ्यांकडे पाहावं.

उपायाला यंत्र लागत नाही. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवा, टाचा हवेत. कठड्याला बोट टेकवा, इथे आधार चालतो. चवड्यांवर उंच व्हा, क्षणभर थांबा, मग चार मोजत टाचा खाली येऊ द्या. बारा वेळा, अशा तीन फेऱ्या, एक दिवसाआड. दर वेळी एक फेरी गुडघे किंचित वाकवून करा. पोटरीतला खोलवरचा स्नायू तेव्हा कामाला लागतो, आणि चालताना सगळ्यात जास्त राबणारा तोच असतो. दोन्ही पायांवर सोपं वाटू लागलं की एका पायावर. या एका व्यायामासाठी मी लोकांच्या मागे लागते, कारण वेगाच्या नावाखाली सगळं केलं जातं आणि नेमकं हेच राहून जातं.

आता हृदय आणि फुप्फुसं. जपानमधल्या मात्सुमोतो शहरात शिन्शू विद्यापीठाच्या हिरोशी नोसे यांच्या गटाने केलेला प्रयोग आपल्या अगदी कामाचा आहे. सरासरी ६३ वर्षं वयाच्या माणसांचा एक गट सलग मध्यम वेगाने चालला. दुसरा गट तीन मिनिटं हळू, तीन मिनिटं जोरात, अशा किमान पाच आवर्तनांनी चालला, आठवड्यातून चार किंवा अधिक दिवस. पाच महिन्यांनी दुसऱ्या गटाच्या मांड्यांची ताकद १३ ते १७ टक्के वाढली होती, चालण्यातला दम सुमारे ९ टक्क्यांनी वाढला होता आणि रक्तदाबही उतरला होता. सलग चालणाऱ्यांमध्ये हा फरक स्पष्टपणे कमी होता. हे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. तीन मिनिटांचं कारण साधं आहे : न रुळलेल्या माणसाला खरोखर जोरात चालणं तेवढाच वेळ झेपतं.

ट्रेडमिल या पद्धतीसाठीच बनवल्यासारखी आहे, कारण ती वेग चोरू देत नाही. रस्त्यावर तिसऱ्या मिनिटाला पाय आपोआप ढिले पडतात. पट्टा ढिला पडत नाही. तुमचा सवयीचा वेग ५ असेल तर ४.५ वर तीन मिनिटं, ५.८ वर तीन मिनिटं. जोराच्या टप्प्यात एखादं छोटं वाक्य बोलता यावं, गप्पा मारता येऊ नयेत. ही बोलण्याची कसोटी मी मनगटावरच्या घड्याळापेक्षा भरवशाची मानते. २२० वजा वय हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. तनाका आणि सहकाऱ्यांनी २००१ साली दिलेलं २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र उतारवयाला जास्त लागू पडतं. ५८ व्या वर्षी पहिलं १६२ सांगतं, दुसरं १६७. पण दोन्ही सरासऱ्या आहेत, आणि एखाद्या माणसात दहा ठोक्यांचा फरक सहज निघतो. शिवाय रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर नाडी दबलेलीच राहते आणि कुठलंच सूत्र चालत नाही.

ज्यांना वेग वाढवला की भीती वाटते त्यांच्यासाठी चढ आहे. व्यायामशास्त्राच्या प्रचलित सूत्राने हिशेब केला तर ताशी ५ वेगाने सपाटीवर चालताना शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला सुमारे १२ मिलिलिटर प्राणवायू वापरतं. ६ वर गेलं की साडेतेरा. पण वेग ५ च ठेवून पट्टा ५ टक्के उचलला तर आकडा १९ च्या पुढे जातो. पाय धावत नाहीत, गुडघ्यावर दणका वाढत नाही, आणि हृदयाला भरपूर काम मिळतं. टीएमटी, म्हणजे हृदयाची ट्रेडमिल चाचणी, करून आलेल्यांना हे अनुभवाने माहीत असेल. सिएटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ साली मांडलेली आणि आजही आपल्या इस्पितळांत वापरली जाणारी ती चाचणी पहिल्या टप्प्यात फक्त २.७ किलोमीटर वेग देते, पण चढ असतो १० टक्के. वेग पाहून सोपी वाटणारी ती चाचणी घाम का काढते, याचं उत्तर त्या चढात आहे. आठवड्यातला एक दिवस चढाचा ठेवा, २ टक्क्यांपासून सुरू करा. टाचेच्या वरची जाड शीर सकाळी उठल्यावर ताठ वाटू लागली तर चढ लगेच कमी करा.

पट्ट्यावर नेहमी १ टक्का चढ ठेवावाच, असं जिममध्ये सांगतात. तो जोन्स आणि डाउस्ट यांच्या १९९६ च्या अभ्यासाचा मथितार्थ आहे आणि तो ताशी साडेदहा किलोमीटरच्या पुढे धावणाऱ्यांचा आहे, जिथे बाहेरचा वारा अंगावर येतो. सहाने चालणाऱ्याला त्या भरपाईची गरज नाही.

धावायचं कधी? बहुतेकांचं शरीर ताशी ७ ते ७.५ च्या दरम्यान आपणहून चालणं सोडून धावू लागतं, कारण तिथे चालणं धावण्यापेक्षा महाग पडू लागतं. हा आकडा पायाच्या लांबीवर ठरतो. पाच फूट उंचीच्या बाईला तो सहा फुटी पुरुषाआधी गाठावा लागतो, तेव्हा शेजारच्या पट्ट्यावरच्या आकड्याशी बरोबरी करू नये. आपल्या आकड्यापाशी एक मिनिट हळू धावा, दोन मिनिटं ४.५ ने चाला, असं सहा-आठ वेळा. धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या सुमारे अडीच पट भार पायावर येतो, चालताना सव्वा पटीच्या आसपास. हृदय काही आठवड्यांत तयार होतं, शिरा आणि हाडं कित्येक महिने घेतात. दम वाढला म्हणून माणूस उत्साहाने वेग, वेळ आणि चढ एकाच आठवड्यात वाढवतो आणि नडगी किंवा टाच धरून बसतो. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी.

या वयात मेहनतीचं चीज होतं का, याचं सर्वांत ठाम उत्तर अमेरिकेतल्या डॅलसहून आलं आहे. १९६६ साली तिथे विशीतल्या पाच तरुणांना तीन आठवडे बिछान्यात झोपवून ठेवलं गेलं आणि त्यांच्या क्षमतेची घसरण मोजली गेली. तीस वर्षांनी तेच पाच जण पन्नाशीत पुन्हा आले. तीन आठवड्यांच्या बिछान्याने त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं, तेवढं तीस वर्षांच्या वयानेही केलं नव्हतं. आणि सहा महिने चालणं, धावणं, सायकल असा हळूहळू वाढवलेला व्यायाम केल्यावर त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता पुन्हा विशीतल्या पातळीवर पोचली. डॅलसच्याच डॉ. बेंजामिन लेव्हाइन यांच्या गटाने २०१८ साली आणखी एक गोष्ट दाखवली : ४५ ते ६४ वयाच्या बैठ्या माणसांनी दोन वर्षं आठवड्यातून चार-पाच दिवस व्यायाम केला, त्यात जोराची आवर्तनंही होती, तर ताठर होत चाललेलं हृदय पुन्हा लवचीक होतं आणि क्षमता १८ टक्क्यांनी वाढते. सत्तरीत सुरू केलेल्यांच्या हृदयाचा ताठरपणा मात्र तसा सुटत नाही. म्हणून पंचावन्न वर्षांच्या माणसाला ‘निवृत्तीनंतर बघू’ म्हणताना ऐकलं की मला राहवत नाही.

यंत्राबद्दल दोन गोष्टी. पाटीवरचा वेग खराच असेल असं नाही. पट्ट्याच्या कडेला खडूची खूण करा, बंद यंत्रावर पट्ट्याची पूर्ण लांबी मोजून घ्या, मग कुणाला तरी चालायला लावून मिनिटात खूण किती वेळा फिरते ते मोजा. पट्टा ३ मीटरचा असेल तर ताशी ६ ला ती ३३ वेळा दिसायला हवी. माणूस वर असतानाच मोजायचं, कारण थकलेलं यंत्र वजनाखाली मंदावतं. आणि ती लाल दोरीची क्लिप कपड्याला लावल्याशिवाय बटण दाबू नका. तोल गेला की पट्टा तिथल्या तिथे थांबवणारं तेवढं एकच साधन तुमच्यापाशी असतं.

छातीत दडपण, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे सरकणारं दुखणं, गरगरणं, नेहमीच्या वेगालाही नवीन धाप, यांतलं काहीही झालं तर पट्टा थांबवून डॉक्टर गाठा. मधुमेह असेल, जवळच्या नात्यात कमी वयात हृदयविकार झाला असेल किंवा वर्षानुवर्षं बैठं काम केलं असेल, तर जोराची आवर्तनं डॉक्टरांना दाखवून मगच सुरू करा. मधुमेहींनी उतरल्यावर मोजे काढून तळवे पाहावेत. बधिर पायाला फोड कळत नाही.

प्रगती मोजायला कमाल वेग पाहू नका. आज ताशी ५, चढ १ टक्का, हात मोकळे, दहा मिनिटं चाला आणि शेवटच्या मिनिटाची नाडी लिहून ठेवा. सहा आठवड्यांनी त्याच वेळी, तेवढंच, पुन्हा. नाडी आठ-दहा ठोक्यांनी उतरली असेल तर जोराच्या टप्प्यात ०.३ वाढवा, तेवढीच राहिली असेल तर आणखी तीन आठवडे तिथेच राहा. फेब्रुवारी सरला की आठवड्यातला एक दिवस लोहिया पार्कात किंवा आंबेडकर पार्कालगतच्या नदीकाठी, ज्याला इथे सगळे मरीन ड्राइव्ह म्हणतात, तिथे काढा. तिथे शरीर स्वतःलाच पुढे लोटतं, वळणं येतात, फरसबंदी उंचसखल असते, त्यामुळे पहिल्या दिवशी अर्ध्या किलोमीटरने वेग कमी भरला तर तो हिशेबात धरलेलाच आहे. खऱ्या मरीन ड्राइव्हवर जाणाऱ्यांसाठी टाटा मुंबई मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांची सुमारे चार किलोमीटरची वेगळी दौड असते. ती गाठायची तर याच महिन्यापासून आवर्तनं धरा.

पुढच्या लेखांकात गुडघा : चालताना तो कुठे दुखतो यावरून काय ओळखायचं, आणि कुठलं दुखणं चालूनच बरं होतं.