रात्री फिशटँकचा पंप घुमतो?
घर निजले की फिशटँकखालच्या संपमधला पंप घुमू लागतो. दादीची झोपमोड होते म्हणून कुणी तो बंद करते. तसे करू नका. पाणी फिरायचे थांबले की माशांना प्राणवायू कमी पडू शकतो.

बऱ्याचदा पंपाची थरथर काचेतून लाकडी कपाटात उतरते आणि कपाट ढोलासारखे वाजते. आधी प्लग काढा. पंपाखाली जाड स्पंज ठेवा, तो काचेला टेकू देऊ नका. पंपाजवळचा कडक पाइप काढून मऊ सिलिकॉनची नळी जोडा.

खळखळ आवाज म्हणजे पंप हवा ओढतो आहे. क्लोरीन काढलेले पाणी खुणेपर्यंतच भरा. जास्त भरल्यास लाइट गेल्यावर संप ओसंडेल. खरखर असेल तर आतले चक्र व्हिनेगर-पाण्यात भिजवून घासा आणि स्वच्छ धुऊन बसवा.